पाय लुळे पडले तरी नजर श्वासावर ठेवा

2025 च्या जानेवारीत पुण्यात जीबीएसची (गियाँ-बारे सिंड्रोम, म्हणजे शरीराची प्रतिकारशक्ती आपल्याच नसांवर उलटून हातपाय लुळे पडण्याचा आजार) साथ आली, तेव्हापासून बेळगाव, खानापूर, निपाणीहून आम्हाला इथं इंग्लंडमध्ये एकच विचारणा होते: पोरांत हे ओळखायचं कसं? इथल्या मुलांच्या वॉर्डातही लक्षणं तीच.

जुलाब किंवा सर्दी-तापातून पोर सावरतं आणि आठवड्या-दोन आठवड्यांनी पाय दुखतात म्हणून रडतं. लहानग्याला मुंग्या येतात हे सांगता येत नाही. ते चालायलाच तयार नसतं, कडेवर घ्या म्हणतं. दुखणं ठळक असल्यानं खुब्याचे एक्स-रे काढण्यात वेळ जातो. मग बसलं की उठवत नाही, गुडघ्यावर हातोडी मारली तरी पाय उडत नाही. बळ सहसा दोन्ही बाजूंचं जातं, खालून वर. उलट, जमिनीवर झोपलेल्या पोराच्या सकाळी आधी पापण्या पडल्या, तर मण्यार साप चावल्याचा संशय घ्या. दंशाची खूण दिसेलच असं नाही.

दाखल झाल्यावर घरचे बोटावरच्या ऑक्सिजन मोजणाऱ्या मशीनचा 98 बघून निर्धास्त होतात. तो आकडा फार उशिरा घसरतो. मोठ्या मुलाला एका श्वासात अंक मोजायला लावा. काल 25 आणि आज 15 झाले, तर लगेच डॉक्टरांना सांगा, आयसीयू लागू शकतं. छोट्याचं रडणं बारीक झालं, खोकल्यात जोर उरला नाही, पाणी पिताना ठसका लागला, तर तोंडानं भरवणं थांबवा. नाडी आणि रक्तदाबही अचानक वरखाली होतात, म्हणून मॉनिटर काढायला लावू नका.

पाठीतल्या पाण्याचा रिपोर्ट पहिल्या आठवड्यात नॉर्मल येऊ शकतो, त्यासाठी उपचार अडत नाहीत. मुख्य औषध इम्युनोग्लोब्युलिन (शिरेतून देतात ती प्रतिपिंडं), वजनाच्या किलोमागे एकूण 2 ग्रॅम, बहुधा 5 दिवसांत: 20 किलोच्या पोराला 40 ग्रॅम, रोज 8. इथं ते वॉर्डात पोचतं. तिकडे चिठ्ठी घेऊन मेडिकल गाठावं लागलं, तर थंड पेटीतून आणा, पण बाटली बर्फाला टेकवू नका. गोठलेली वापरता येत नाही. औषध सुरू असतानाही बळ आणखी कमी होऊ शकतं. लक्षणं वाढण्याचा काळ 2 ते 4 आठवड्यांचा असतो. स्टिरॉइडचा या आजारात उपयोग नाही.

15 वर्षांखालच्या पोराला अचानक लुळेपणा आला की पोलिओ नाही ना, हे बघायला शौचाचे दोन नमुने घेतात, 24 तासांच्या अंतरानं, लुळेपणा आल्यापासून 14 दिवसांच्या आत. बेळगावात दाखल करा नाहीतर कोल्हापूर-मिरजेला न्या, नियम एकच आहे. नमुने मागितले म्हणून पोलिओच झालाय, अशी गावभर बोंब नको.