सेन्सॉर पास असूनही प्रयोग बंद कसा पडतो?

तुम्ही विचारलंत म्हणून सांगतो. खरं तर हे सतत कुणी ना कुणी विचारतंच, आणि सूर असा की आमच्याच कागदांत गोम असणार.

कागदांत बहुतेक वेळा गोम नसते. रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळाच्या, म्हणजे नाटकांच्या सेन्सॉरच्या, प्रमाणपत्राचा अर्थ एवढाच, की ही संहिता रंगमंचावर आणायला हरकत नाही. आणल्यावर तिला सांभाळायचं कुणी, हे त्यात नसतं. आणि प्रयोग पाडायला बंदीहुकूम लागतोच कुठे? नाट्यगृहाच्या व्यवस्थापकाला विरोधकांचं एक निवेदन जातं, त्याची प्रत पोलीस ठाण्याला. ठाण्यातून नोटीस निघते ती तुमच्या नावे: पूर्वी फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम १४९ ची, आता नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १६८ ची. कायदा-सुव्यवस्थेचा प्रश्न उद्भवल्यास जबाबदार तुम्ही. खुर्च्या मोडणार ते, जबाबदार तुम्ही! मग व्यवस्थापकाचा फोन: "आजच्या दिवस टाळा ना." तुम्ही टाळता. बंदीची नोंद कुठेच नाही.

चूक इथे होते. फोनवरचं रद्द करणं मान्य करू नका. कारणासकट लेखी मागा. कागदच नसेल तर कोर्टात आव्हान कशाला देणार? बंदोबस्ताचा अर्ज तारीख मिळाल्याबरोबर द्या, दोन प्रतींत, आणि आपल्या प्रतीवर आवक क्रमांक नि शिक्का घ्या. अर्जात एस. रंगराजन खटल्याचा १९८९ चा निकाल नमूद करा: विरोधकांना आवरता येत नाही ही सबब सरकारला चालणार नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने त्यात म्हटलंय. २०१९ मध्ये एका बंगाली सिनेमाच्या निर्मात्यांना याच न्यायालयाने २० लाखांची भरपाई देवविली. तिथेही सिनेमा प्रमाणपत्र घेतलेलाच होता.

आता आपली गोम. नट पदरचं वाक्य घालतो, हशा येतो, पुढच्या प्रयोगापासून ते कायम होतं. मंजूर संहितेत ते नसतं. तक्रारदाराने नेमकं तेच धरलं तर तुमचा शिक्का कुचकामी. मंजूर प्रत विंगेत ठेवा आणि दर काही प्रयोगांनी ताडून बघा. कुणी करत नाही.

पण सरकार, पोलीस, झुंड या तिघांना सोडून चौथाही एक असतो. १६ डिसेंबर १९७२, पुण्याचं भरत नाट्य मंदिर, 'घाशीराम कोतवाल'. ओळीने उभ्या ब्राह्मणांचा तो डुलणारा मानवी पडदा, भास्कर चंदावरकरांचं संगीत, जब्बार पटेलांचं दिग्दर्शन. नाना फडणविसांची बदनामी, ब्राह्मणांची बदनामी, म्हणून ओरड झाली. १९ प्रयोगांनंतर नाटक थांबलं. थांबवलं कुणी? मंत्रालयाने नाही. ज्या संस्थेने ते बसवलं, त्या प्रोग्रेसिव्ह ड्रॅमॅटिक असोसिएशननेच. ज्यांनी तालमी पाहिल्या, त्यांनीच. कलावंत बाहेर पडले, २७ मार्च १९७३ ला थिएटर अकॅडमी काढली, आणि प्रयोग पुन्हा सुरू व्हायला १९७४ उजाडलं. या थांबण्याविरुद्ध कुठल्या कोर्टात जाणार होता? संस्था आपली, निर्णय तिचा. वर सांगितलेली पोच, शिक्का, निकाल, यातलं काहीही तिथे कामाचं नव्हतं.

परिनिरीक्षण मंडळच बरखास्त करा म्हणणाऱ्यांशी मी पूर्वी भांडायचो. म्हणायचो, शिक्का ही ढाल आहे, निदान झुंडीपुढे धरता येते. आता तसं ठामपणे म्हणवत नाही. अमोल पालेकरांनी २०१६ मध्ये या पूर्वपरीक्षणालाच उच्च न्यायालयात आव्हान दिलं, तेव्हा त्यांचं म्हणणं पटलं होतं. पटलं, तरी धाकधूक होतीच: मंडळ गेल्यावर संहिता वाचणार कोण? ठाणे अंमलदार? की टाइप करायला बसण्याआधी आपणच? ढाल म्हणून शिक्का हवा, तर तो मिळवताना संवाद मऊ करायचे. आणि मऊ केले, तरी निवेदन येतंच. बाकी, तुमच्या पुढच्या प्रयोगाचा बंदोबस्ताचा अर्ज गेलाय ना? पोच घेतलीत?