आईचं ताटाळं आणि आमची मॅटाडोर

गाडी घरी आणली त्या रविवारी मी तिच्या मागच्या दाराचं आतलं अस्तर उचकटलं, आणि आतून मिठी नदी निघाली. पाणी नव्हे, गाळ. वाळून कडक झालेला, चॉकलेटी, पापुद्रे सुटलेला. ही मॅटाडोर कुर्ल्याच्या एका बँडवाल्यांची. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर पाऊस पडला, तेव्हा ती गल्लीत सीटपर्यंत पाण्यात उभी होती. पुढे त्यांनी इंजिन उघडून धुतलं, सीटा बदलल्या, लग्नसराई गाठली. दाराच्या पोटात कोण बघतंय! तिथे तो गाळ दर पावसाळ्यात ओला होत राहिला आणि पत्रा आतून खात राहिला. बाहेरून रंग झकास. मी स्क्रू ड्रायव्हरनं जरा टोचून पाहिलं, तर तो मुठीपर्यंत आत गेला.

"सत्तर हजारांचा गंज घेतलास," आई म्हणाली. मग काठी बाजूला ठेवून आत डोकावली. "जागा मात्र बरी आहे."

या 'जागा बरी आहे'वर, म्हणजे तिची राहती गाडी करण्यात, आमची पुढची तीन वर्षं गेली.

मॅटाडोर म्हटलं की आपल्याला शाळेची गाडी, दुधाची गाडी, नाहीतर मांडववाल्याच्या खुर्च्या आठवतात. कॅम्पर, म्हणजे आत राहता-झोपता येईल अशी गाडी, म्हटलं की डोळ्यासमोर येते ती फोक्सवॅगनची दोन रंगांची, गोल दिव्यांची व्हॅन. खरं तर या दोघी जर्मनीतल्या जवळच्या. हॅम्बुर्गच्या टेंपो कंपनीनं १९४९ मध्ये आपली मॅटाडोर काढली ती फोक्सवॅगनचंच इंजिन घालून. १९५० मध्ये फोक्सवॅगननं स्वतःची व्हॅन आणली आणि थोड्याच काळात इकडे इंजिनं देणं बंद केलं. भाऊबंदकी काय फक्त कोकणातच असते? पुढे फोक्सवॅगनच्या व्हॅनला वेस्टफालिया या जर्मन कंपनीनं पलंग, पडदे, कपाटं घातली. मॅटाडोर १९६९ पासून आपल्या आकुर्डीत बनायला लागली आणि जन्मभर ओझी वाहत राहिली. त्या हॅम्बुर्गच्या कंपनीचं नाव मात्र आपल्या तोंडात असं बसलं की माल वाहणारी कुठलीही छोटी गाडी म्हणजे टेंपो.

पण राहण्यासाठी गाडी करायची तर मॅटाडोर मला उजवी वाटते. फोक्सवॅगनचं इंजिन मागे, त्यामुळे मागच्या बाजूला एक ओटा येतो. मॅटाडोरची पुढची चाकं गाडी ओढतात. सगळी मशिनरी पुढे, खालून मागे जाणारा शाफ्टच नाही, म्हणून फ्लोअर खाली आणि सपाट. आईच्या गुडघ्यांना हे कारण पुरेसं होतं.

आईची वयाची तिशी गिरगावातल्या चाळीत गेली. दहा बाय बाराची खोली आणि माणसं नऊ. मीही चौथीपर्यंत तिथेच होते. इंटरनेटवरची कॅम्परची चित्रं मी तिला हौसेनं दाखवली. पांढऱ्या फळ्या, दिव्यांच्या माळा, उशांवर उशा. ती बराच वेळ बघत राहिली आणि म्हणाली, "यात कुणी कधी भात लावलेला दिसत नाही."

सुतारानं आधी वरच्या बाजूला दोन्हीकडे कपाटं काढायचं ठरवलं होतं. पोटमाळ्यासारखी. आईनं तो बेत मोडला. पोटमाळ्यावर गाद्या, दिवाळीचा कंदील, रिकामे डबे. तांदळाचा डबा कुणी पोटमाळ्यावर ठेवतं का? उतरंड कशी रचतात? मोठं मडकं खाली, मग त्याहून लहान, मग त्याहून लहान. वळणावर गाडी का झुलते आणि वजन खाली का हवं हे मी वाचून शिकले होते. आईला ते उतरंडीवरून ठाऊक होतं. पाण्याचे वीस लिटरचे कॅन, बॅटरी, तांदूळ, पाने-पकडींची पेटी सगळं फ्लोअरला गेलं. वर फक्त वळकट्या.

दुसरा वाद ताटांचा. ड्रॉवरमध्ये ठेवली तर खड्ड्याखड्ड्याला वाजतात, एकावर एक रचली तर घसरतात. आईनं माळ्यावरून स्वतःच्या सासूबाईंचं ताटाळं काढायला लावलं. स्टीलचं, भिंतीला ठोकायचं, प्रत्येक ताटाला उभं राहायला वेगळी खाच असलेलं. ते दोन स्क्रूंवर गाडीच्या खांबाला बसवलं. कसारा घाटातसुद्धा एक वाटी पडली नाही. चाळीत ते बहुधा जागा वाचवायला होतं. ते धक्के खायलाही तयार आहे, हे पन्नास वर्षांनी कळलं.

एका बाबतीत मात्र मी आईचं ऐकलं नाही. शेगडीसाठी पाच किलोचं छोटं सिलिंडर घेतलं तेव्हा ती म्हणाली, धूर वर जातो, वर झरोका ठेव. धुरासाठी तो ठेवलाच. पण स्वयंपाकाचा गॅस हवेपेक्षा जड. गळला तर खाली साचतो, पाण्यासारखा. म्हणून सिलिंडरच्या पायाशी फ्लोअरला भोक पाडून घेतलं आणि त्यावर जाळी मारली. आई अजूनही त्याला 'उंदराची वाट' म्हणते. मोरी हवीच, हा तिचा आग्रह अर्धाच पुरा झाला. एक स्टीलचं पसरट घमेलं, त्याला बुडाशी पाइप, पाइपाखाली डबा.

उरला पत्रा. याविषयी काय सांगू? सहा महिने नुसता पत्रा. खाल्लेला भाग कापायचा, चांगला पत्रा लागेपर्यंत कापत जायचं, मग तुकडा वेल्ड करायचा. पहिल्या पेंटरनं मला सांगितलं होतं, "ताई, लांबी मारतो, कळणार पण नाही." कळत नाही हे खरंच. गंज त्या लांबीखाली, म्हणजे भोकं बुजवायच्या लेपाखाली, निवांत वाढतो आणि दोन पावसाळ्यांनी फुगा येतो. मी त्याला नको म्हटलं आणि जो कापायला तयार होता त्याला जास्त पैसे दिले. मुंबईत पाऊस चार महिने, पण खारा वारा बाराही महिने. चाकांवरच्या कमानीत बसलेला चिखल ओलावा धरून ठेवतो, वरून ऊन पडलं तरी. म्हणून मे महिन्यात गाडी खालून धुवायची, दोन दिवस खडखडीत सुकवायची आणि मग ब्रशनं जळकं ऑइल फासायचं. वास जातो आठवड्यानं. खाली पुठ्ठे पसरूनही दोन थेंब फरशीवर पडतातच, आणि सोसायटीचे सेक्रेटरी काका ते दोन्ही थेंब शोधून काढतात.

दारांच्या खालच्या कडेला पाणी निथळायला बारीक भोकं असतात. ती बुजली की दार म्हणजे बादली. ती मोकळी करायला मी नाना हत्यारं वापरली. शेवटी आईच्या अंबाड्यातला आकडा कामाला आला.

इंजिनचं दुखणं त्या मानानं सोपं. मर्सिडीजच्या डिझाइनचं २.४ लिटरचं डिझेल इंजिन, त्याचंच घराणं पुढे ट्रॅक्स गाडीत चाललं, त्यामुळे पार्ट अजून मिळतात. "इंजिन का सब मिलेगा मॅडम, काच के रबर का भूल जाओ," असं कुर्ल्याच्या चाचांनी पहिल्याच दिवशी सांगितलं. चावी फिरवायची, हीटर तापू द्यायचा, आणि मगच स्टार्टर. घाई केली की ती नुसती खोकते. महिनाभर हलवली नाही तर डिझेलच्या लाइनीत एअर धरते. मग हँडपंप मारत बसा, फेस जाऊन नुसतं डिझेल येईपर्यंत. दर रविवारी म्हणूनच मी तिला फिरवून आणते, भाजीबाजारापर्यंत का होईना.

कागदपत्रांत ती विंटेज नाही. २०२१ च्या नियमाप्रमाणे त्यासाठी पन्नास वर्षं पुरी व्हावी लागतात, आणि ही १९८९ ची. म्हणजे २०३९. शिवाय विंटेज झाली की ती रोजच्या रस्त्यावर न्यायची नाही, प्रदर्शनाला नाहीतर रॅलीला. "मग घाई काय आहे?" आई म्हणाली. "मीपण तेव्हाच होईन." तोवर दर पाच वर्षांनी नूतनीकरण, पर्यावरण कर आणि आरटीओतल्या रांगा.

कुठे कुठे गेलात, असं सगळे विचारतात. खरं उत्तर फार लहान आहे. नाशिकला एकदा, नागावला दोनदा. नाशिकला जाताना कसाऱ्याच्या अलीकडे थांबलो, आईनं मागचं दार उघडून चहा टाकला, आणि एका ट्रकवाल्यानं खाली उतरून विचारलं, "कटिंग कितने का?" आईनं त्याला चहा दिला, पैसे घेतले नाहीत, आणि पुढचे दोन तास 'आपण गाडी लावली तर किती सुटतील' याचा हिशेब केला.

बाकी सगळं राहणं मुलुंडच्या पार्किंगमध्येच. मुलगा बारावीचा अभ्यास त्यात करून पास झाला. समोरच्यांच्या घरी लग्न होतं तेव्हा त्यांचे सोलापूरचे दोन पाहुणे त्यात झोपले आणि जाताना हळद-कुंकवाची पुडी डॅशबोर्डवर ठेवून गेले. आई दुपारची तिथेच पडते, कारण वर टीव्ही असतो. मुंबईत एक खोली वाढवायची तर आयुष्याची पुंजी जाते. आमची महिन्याच्या पार्किंगच्या पैशांत वाढली. हे मी सोसायटीच्या सभेत कधी बोलणार नाही.

रबराचं मात्र चाचांचं म्हणणं खरं निघालं. मीटरवर मिळतं तसं साधं रबर आणलं आणि मागच्या काचेला मीच बसवलं. ताणून, सांधा नेमका कोपऱ्यात. रबर ताणायचं नसतं. थोडं जास्त ठेवून दाबत दाबत बसवायचं असतं, नाहीतर ते आखडून सांधा उघडतो. हे नंतर वाचलं.

जूनच्या पहिल्या मोठ्या पावसात रात्री आठ वाजता आई खालीच होती. मी छत्री घेऊन तिला आणायला गेले, तर ती वळकटीला टेकून बसलेली, आणि कोपऱ्यातल्या त्या सांध्यातून थेंब थेंब गादीवर. मी ताटाळ्यातून घाईनं एक वाटी काढून खाली धरली.

"वाटीनं काय होणार?" ती जागची न हलता म्हणाली. "पातेलं आण. रात्रभर पडणार आहे."