तिरपं अक्षर

लग्नपत्रिकेचं काम होतं. वर इंग्रजीत दोघांची नावं, खाली मराठीत निमंत्रण. नावांसाठी मी कॉर्मोरंट इटॅलिक घेतला, म्हणजे कॉर्मोरंटचं तिरकं वळण. ख्रिश्चन थालमान यांचा हा फुकट मिळणारा फॉन्ट, मूळ प्रेरणा सोळाव्या शतकातल्या गारामाँ या फ्रेंच ठसेकाराच्या अक्षरांची. मोठा लावला की असा काही खुलतो!

मुलीच्या वडिलांना तो इतका आवडला की म्हणाले, "ताई, मराठीपण असंच तिरकं करून टाका ना."

नाही म्हणण्यापेक्षा करूनच दाखवलं. 'शुभविवाह' बारा अंश तिरपा केला. शिरोरेषा जागच्या जागी आडवी, आणि खाली सगळे काने पावसाळ्यात कलंडलेल्या कुंपणासारखे. 'व'चं पोट एका अंगाला दबलं. बोरूच्या तिरक्या कापामुळे अक्षरात जाडबारीकपणा येतो, त्याचाही पार विचका झाला.

"हे काहीतरी विचित्र दिसतंय," काका म्हणाले.

मग मला चेवच चढला. कागद ओढून उभ्या छापातला इंग्रजी छोटा 'ए' काढला, दुमजली, म्हणजे गोल पोटावर आणखी एक आकडा असलेला. शेजारी इटॅलिकमधला, एकमजली, नुसतं गोल पोट. 'एफ'चं शेपूट ओळीखाली कसं उतरतं तेही दाखवलं. इटॅलिक म्हणजे ढकलून वाकवलेलं अक्षर नव्हे, काका. ते भरभर लिहिणाऱ्या हाताचं वळण आहे. व्हेनिसमध्ये आल्डस मानुटियस या मुद्रकानं 1501 मध्ये व्हर्जिलचं अख्खं पुस्तक त्यात छापलं, ठसे फ्रान्चेस्को ग्रिफोनं कोरले. आपल्या लिपीत ही जोडीच नाही, तेव्हा मराठी सरळच राहू दे. काकांनी मान डोलावली. मी खूश.

संध्याकाळी छापखान्यातून फोन. "ताई, जरा येऊन जा."

सोनेरी फॉइलचं प्रूफ टेबलावर होतं. नावं ठीक होती, म्हणजे लांबून. भिंग लावलं तर 'एन'चे जोड तुटलेले. आणि कार्यालयाचा पत्ता? तोही मी त्याच इटॅलिकच्या लाइट, म्हणजे बारीक रेघांच्या वजनात, आठ पॉइंटात, फॉइलमध्येच टाकला होता. काही ठिकाणी फॉइल धरलंच नव्हतं, इंग्रजी 'ई'मधल्या पोकळ्या मात्र बुजलेल्या. मशीनवाले मामा म्हणाले, "ही रेघ आहे का केस?"

दुपारी एवढं व्याख्यान झोडलं आणि साधी गोष्ट विसरले, की हा फॉन्ट मथळ्याचा आहे. त्याच्या बारीक रेघा मोठ्या आकारासाठीच काढलेल्या असतात. स्क्रीनवर चारशे टक्के मोठं करून बघितलं की सगळंच देखणं दिसतं.

फॉइल छापायचा ठसा, म्हणजे ब्लॉक, पुन्हा करावा लागला, माझ्या पदरच्या पैशानं. नावं त्याच इटॅलिकच्या जरा जाड सेमीबोल्डमध्ये घेतली, पत्ता दहा पॉइंटात, उभ्या साध्या अक्षरात, काळ्या शाईत. दुसऱ्या दिवशी काकांनी पत्रिका खिडकीशी नेली, चष्मा कपाळावर सरकवला आणि मुलीच्या नावावर बोट ठेवलं.

"हे बघा, एकमजली. दोन्ही."