वळीव चारच्या पुढंच का गाठतो?

सकाळी दहाला वळीव पडला असं आमच्या सांगली-मिरज भागात सहसा ऐकायला मिळत नाही. एप्रिल-मेमध्ये दुपारी दोनपर्यंत नुसता उकाडा, मग साडेतीन-चारला पूर्वेकडं काळं दिसायला लागतं आणि आई गच्चीवरचे पापड गोळा करायला पळते.

खरं तर सूर्य आपल्याकडं साडेबाराच्या आसपास माथ्यावर येतो, मग पाऊस तेव्हाच का नाही? कारण ऊन हवेला थेट फारसं तापवत नाही, आधी जमीन तापते आणि ती मग हवेला तापवते, त्यात दोन-तीन तास जातात, म्हणून दिवसाचं जास्तीत जास्त तापमान पण तीनच्या आसपासच नोंदलं जातं. बारा वाजता जे कापसासारखे ढग दिसतात ना, ते बिचारे थोडं वर जाऊन विरून जातात. वर कोरड्या गरम हवेचा थर असतो, तो त्यांना पुढं जाऊच देत नाही. जमीन पुरेशी तापली की मात्र तो थर फुटतो, आणि एकदा फुटला की मग काही खरं नाही, कारण वर जाताना हवा थंड होते (कोरडी असेल तर किलोमीटरला साधारण 10 अंश), वाफेचं पाणी होतं, ते होताना उष्णता बाहेर पडते आणि तीच ढगाला अजून वर ढकलते. बघता बघता ढग 12-15 किलोमीटर उंच. गारा तिथंच तयार होतात.

पावसाआधी धुळीचा गार वारा सुटतो तो म्हंजे त्याच ढगातून खाली कोसळलेली थंड हवा. गंमत अशी की तीच ढगाचा गरम हवेचा पुरवठा तोडते, म्हणून तासाभरात खेळ खलास. पण पसरताना ती शेजारची गरम हवा उचलते आणि तिथं नवा ढग उभा राहतो, म्हणून एका गावात धो-धो आणि पलीकडच्या गावात थेंब नाही.

नुसत्या उन्हानं भागत नाही बरं का, समुद्रावरून आलेली वाफ पण लागते, वारं कोरडं असलं की आठवडाभर फक्त भाजून निघायचं. मुंबईवाल्यांना हे कमी बघायला मिळतं कारण दुपारी समुद्रावरचा वारा आत येतो आणि किनाऱ्यावरची जमीन तेवढी तापूच देत नाही. जूनमध्ये मान्सून आला की घड्याळ संपलं, तो जमीन तापायची वाट बघत नाही, रात्री तीनला पण पडतो. पाऊस परतताना ऑक्टोबरमध्ये मात्र परत तीच दुपारची वेळ.

तासगावकडच्या बेदाणा शेडवाल्यांना यातलं काही सांगायला नको, माल वाळत असला की त्यांची नजर दुपारी तीनपासून आभाळावरच असते.