सोळावा आणि सतरावा

शेफील्डच्या क्रुसिबल नाट्यगृहात १९७७ पासून भरणारी जागतिक स्नूकर अजिंक्यपद स्पर्धा मी गेली अनेक वर्षे नेमाने पाहत आलो आहे. मात्र माझ्या लेखी ती नाट्यगृहाचे दिवे लागतात त्या शनिवारी सुरू होत नाही, तर त्याच्या बारा-तेरा दिवस आधी, त्याच शहरातल्या एका क्रीडासंकुलात, पात्रता फेऱ्यांच्या टेबलांवर सुरू होते. तिथे एका मोठ्या सभागृहात आडोसे उभारून टेबले मांडलेली असतात, शेजारच्या सामन्यातल्या टाळ्या ऐकू येतात आणि प्रेक्षक मोजकेच असतात. तरीही क्रमवारीच्या स्पर्धेला (म्हणजे जिच्यातली कमाई खेळाडूंच्या जागतिक क्रमवारीत मोजली जाते, अशा स्पर्धेला) क्रमवारी का म्हणायचे, हे मला तिथेच सर्वांत स्पष्ट कळते.

क्रुसिबलवर ३२ खेळाडू उतरतात. त्यांतले १६ मानांकित, म्हणजे मुख्यतः क्रमवारीतले वरचे, असतात आणि त्यांना थेट प्रवेश मिळतो. उरलेल्या १६ जागा पात्रता फेऱ्यांतून भरतात. २०२५ च्या रचनेनुसार १७ ते ४८ या क्रमांकांच्या खेळाडूंना दोन सामने जिंकावे लागत होते, ४९ ते ८० यांना तीन आणि त्याखालच्यांना चार. म्हणजे सोळावा आणि सतरावा यांच्या खेळात तसूभरही फरक नसला, तरी एकजण घरी निवांत सराव करत असतो आणि दुसरा प्रत्येकी दहा फ्रेम, म्हणजे डाव, जिंकण्याचे दोन डोंगर चढत असतो.

ही रेषा किती निष्ठुर आहे, हे चीनच्या डिंग जुनहुईच्या उदाहरणावरून समजते. २०१३-१४ च्या हंगामात त्याने क्रमवारीची तब्बल पाच विजेतेपदे मिळवली; त्यांतले एक दिल्लीतल्या इंडियन ओपनचे होते, जिथे अंतिम सामन्यात त्याने आपल्या आदित्य मेहताला ५-० असे हरवले. (भारतीय खेळाडूने क्रमवारीच्या स्पर्धेची अंतिम फेरी गाठण्याची ती पहिलीच वेळ होती, आणि तो निकाल एकतर्फी असला तरी त्या आठवड्याचा आनंद माझ्या मनात अजून ताजा आहे.) २०१४ च्या अखेरीस डिंग जागतिक क्रमवारीत पहिला आला, हा मान मिळवणारा तो पहिला आशियाई खेळाडू. परंतु क्रमवारी मागच्या दोन वर्षांच्या कमाईवर बेतलेली असते, आणि नवी स्पर्धा आत आली की दोन वर्षांपूर्वीची बाहेर पडते. २०१५-१६ मध्ये त्या पाच विजेतेपदांची रक्कम एकेक करून त्याच्या खात्यातून गळत गेली, तिची भरपाई करणारे यश आले नाही, आणि २०१६ च्या वसंतात हा माजी अव्वल खेळाडू पात्रता फेरीच्या टेबलावर उभा राहिला. तिथे त्याने तीन सामने जिंकले, आणि पुढे क्रुसिबलवर थेट अंतिम फेरीपर्यंत मजल मारून मार्क सेल्बीकडून १८-१४ असा हरला. त्याच्या कारकिर्दीतला हा पंधरवडा मला त्या पाच करंडकांपेक्षा मोठा वाटतो.

कमाईवर आधारलेली ही क्रमवारी २०१४ पासून लागू झाली. त्याआधी प्रत्येक स्पर्धेला ठरावीक गुण असत. नवी पद्धत समजायला सोपी आहे, हे मला मान्य आहे. पण तिच्यात एक दोष आहे आणि तो मला मनापासून खटकतो. स्पर्धेचे वजन तिच्या कठीणपणावर ठरत नाही, प्रायोजकाच्या थैलीवर ठरते. जगज्जेत्याला ५,००,००० पौंड मिळतात, आणि त्यासाठी पाच सामने जिंकावे लागतात, ज्यांतल्या शेवटच्यात १८ फ्रेम जिंकणे आवश्यक असते. २०२४ मध्ये सौदी अरेबियातल्या जेद्दाह इथे क्रमवारीची नवी स्पर्धा झाली. जड ट्रम्पने अंतिम सामन्यात मार्क विल्यम्सला १०-९ असे हरवले आणि त्यालाही ५,००,००० पौंडच मिळाले. तो सामना अप्रतिम होता, त्याविषयी माझी तक्रार नाही. पण क्रमवारीच्या खात्यात दोन्ही यशांची नोंद सारखीच व्हावी, हे मला पटत नाही. त्याच वेळी युनायटेड किंग्डम अजिंक्यपदासारख्या जुन्या, मानाच्या स्पर्धेचा विजेता २,५०,००० पौंडांवर, म्हणजे निम्म्या वजनावर थांबतो.

याच पद्धतीची दुसरी बाजू २०२५ मध्ये दिसली. चीनचा झाओ शिनतोंग तेव्हा हौशी खेळाडू म्हणून उतरला होता, त्यामुळे त्याला पात्रतेचे चारही सामने खेळावे लागले. त्याने ते जिंकले, उपांत्य सामन्यात रॉनी ओसुलिव्हनला १७-७ असे निष्प्रभ केले, अंतिम सामन्यात विल्यम्सला १८-१२ असे हरवले आणि तो आशियातला पहिला जगज्जेता ठरला. त्या एका बक्षिसाच्या बळावर तो थेट अकराव्या क्रमांकावर पोहोचला. हे योग्य झाले का? नऊ लांब सामने ओळीने जिंकणाऱ्याला पहिल्या सोळांत जागा मिळू नये, असे म्हणण्याचे धाडस मी तरी करणार नाही. क्रुसिबलच्या काळात पात्रता फेरीतून येऊन जगज्जेतेपद पटकावणारे त्याच्याआधी दोघेच होते: १९७९ मध्ये टेरी ग्रिफिथ्स आणि २००५ मध्ये शॉन मर्फी.

पात्रतेच्या शेवटच्या फेरीत सामना ९-९ असा अडला, की टेबलावरचा खेळ अक्षरशः बदलतो. एरवी सहज मारला असता असा लांबचा लाल चेंडू आता कोणी मारत नाही. पांढरा चेंडू परत बॉल्कच्या, म्हणजे फ्रेम जिथून सुरू होते त्या टोकाच्या, कुशनवर, तपकिरी चेंडूच्या आड नेऊन ठेवण्याचा खेळ वीस-वीस मिनिटे चालतो, कारण पहिली चूक करणाऱ्याचे वर्ष तिथेच संपण्याची शक्यता असते.

आणि काहींचे तर वर्षापेक्षा अधिक काही पणाला लागलेले असते. ही हंगामातली क्रमवारीची शेवटची स्पर्धा असते, आणि ती संपल्यावर पहिल्या ६४ जणांचे व्यावसायिक कार्ड, म्हणजे व्यावसायिक म्हणून खेळण्याचा हक्क, टिकते. ज्यांच्या कार्डाची दोन वर्षांची मुदत संपली आणि जे या रेषेखाली राहिले, त्यांना पात्रतेच्या वेगळ्या स्पर्धांतून पुन्हा वाट काढावी लागते. पात्रतेच्या दुसऱ्या फेरीत असा एखादा पस्तिशीचा खेळाडू हरतो, प्रतिस्पर्ध्याशी हात मिळवतो, क्यूचे दोन भाग सुटे करून पेटीत ठेवतो, आणि आडोशापलीकडच्या टेबलावर त्या वेळी कोणीतरी नवी फ्रेम फोडत असतो.