मंगळवारी निघून गुरुवारी पोचला

बडोद्यात दांडिया बाजारात आमचं तिकिटांचं ऑफिस आहे. जानेवारीतल्या एका बुधवारी सकाळी सातलाच शेजारच्या वाड्यातल्या काकांचा फोन आला. त्यांच्या वहिनी पहाटे गेल्या होत्या. वहिनींचा एकुलता एक मुलगा सॅन फ्रान्सिस्कोत. "त्याच्यासाठी थांबायचं की नाही, ते तू सांग," काका म्हणाले.

मी धावतच गेलो. मुलानं दिल्लीच्या थेट विमानाचं तिकीट काढून पाठवलं होतं. सुटणार मंगळवारी रात्री साडेनऊला, पोचणार गुरुवारी पहाटे तीनला. ते बघून मोठी माणसं गोंधळली होती. मंगळवार तर काल होऊन गेला, मग हे तिकीट कधीचं? आणि मंगळवार ते गुरुवार म्हणजे दोन दिवसांचा प्रवास. इतकं थांबता येणार नाही, सूर्यास्ताआधी उरकून घेऊ, असं जवळजवळ ठरलंच होतं.

मी कागद घेतला आणि शेजारी शेजारी दोन्ही गावांच्या वेळा मांडल्या. हिवाळ्यात आपण त्यांच्या साडेतेरा तास पुढे. आपल्याकडे बुधवार उजाडला तरी तिथे अजून मंगळवारची संध्याकाळ. विमान उडेल तेव्हा इथे आज सकाळचे अकरा वाजलेले असतील. तिथून सुमारे सोळा तास, बस.

एका भाच्यानं मोबाइलवर अंतर काढलं. साधारण 12,400 किलोमीटर, ताशी 900 धरले तर चौदा तासांत यायला हवा. तोही हिशेब मला मोडावा लागला, कारण खोटी आशा दाखवून घर ताटकळत ठेवणं मला पटत नाही. ते अंतर पृथ्वीच्या गोलावरचं सर्वांत जवळचं. विमान मात्र वारा आणि हवाई हद्दी बघून वाट धरतं. 2016 च्या ऑक्टोबरपासून एअर इंडियाचं दिल्ली–सॅन फ्रान्सिस्को विमान अटलांटिकऐवजी पॅसिफिकवरून जाऊ लागलं. वाट सुमारे 1,400 किलोमीटरनं वाढून 15,300 झाली, तरी पाठीशी वारा मिळाल्यानं ते जवळपास दोन तास आधी पोचायचं. शिवाय दिल्लीत उतरल्यावर इमिग्रेशन, मग सकाळचं बडोद्याचं पहिलं विमान. "घरी नऊ धरा. त्याआधी नाही," मी सांगितलं.

आखाती देशातून अहमदाबादला येणारं तिकीट स्वस्त होतं, पण मधल्या थांब्यातच कित्येक तास जाणार होते. ते मी घेऊ दिलं नाही. मुलाला फोनवर एवढंच बजावलं, हातातल्या बॅगेखेरीज काही आणू नकोस, सामानाच्या पट्ट्यापाशी उभं राहण्यात वेळ जातो.

काका वहिनींजवळ जाऊन बसले, थोड्या वेळानं उठले आणि म्हणाले, "थांबू."

गुरुवारी नऊच्या आधीच हरणी विमानतळावरून तो घरी आला. खासवाडीच्या स्मशानात त्यानंच अग्नी दिला. दोन दिवसांनी काका ऑफिसात आले आणि दोन्ही गावांच्या वेळांचा तो कागद मागून घेऊन गेले. पुण्याच्या नातेवाइकांनी रात्रभर का थांबलात म्हणून विचारलं होतं, त्यांना तो दाखवायचा होता.