बडोद्याच्या वाड्यांची साइट: प्रोपगेशनच्या नावावर घालवलेले चार दिवस

मागच्या नोंदीपर्यंत बाबांच्या निगेटिव्हज स्कॅन होऊन साडेतीनशेच्या आसपास फोटो तयार झाले होते. दांडिया बाजार, रावपुरा, वाडी या भागांतले जुने वाडे, त्यांची दारं, ओसऱ्या, झोपाळ्यांच्या पितळी कड्या. त्यानंतर हुगो या साइट बनवणाऱ्या प्रोग्रामनं पानं बनवली, मुंबईच्या डेटा सेंटरमधला १ जीबीचा सर्व्हर भाड्यानं घेतला, त्यावर पानं दाखवणारं एन्जिनएक्स हे सॉफ्टवेअर टाकलं. एका रविवारचं काम, त्यात सांगण्यासारखं काही नाही.

डोमेन वेगळ्या कंपनीकडून घेतलंय, डॉट इन. तिच्या पॅनलमध्ये ए रेकॉर्ड, म्हणजे डोमेनच्या नावामागचा पत्ता सांगणारी नोंद, उघडून त्यात माझ्या सर्व्हरचा पत्ता टाकला. थोड्या वेळानं साइट उघडली: लॅपटॉपवर, माझ्या फोनवर, बायकोच्या फोनवर. मग दांडिया बाजारातल्या आत्याला लिंक पाठवली.

"अरे, वाडे कुठायत? इथं तर डोमेन विकत घ्या म्हणून जाहिरात आलीय."

"आत्या, प्रोपगेशन चालू आहे. एक-दोन दिवस थांब."

"म्हणजे काय?"

"म्हणजे... पसरतंय ते."

हे 'पसरतंय' मी तिला चार दिवस ऐकवलं. आता लाज वाटते, कारण डीएनएसमध्ये, म्हणजे नावावरून पत्ता शोधून देणाऱ्या व्यवस्थेत, पसरत काहीच नसतं. प्रत्येक रिझॉल्व्हर, म्हणजे आपल्या वतीनं पत्ता विचारणारा सर्व्हर, आधी मिळालेलं उत्तर ठरावीक वेळ जपून ठेवतो आणि वेळ संपली की पुन्हा विचारतो. ती वेळ म्हणजे टीटीएल. माझ्या रेकॉर्डचा टीटीएल होता ३६०० सेकंद, म्हणजे एक तास. सगळीकडे ऐकू येणारा ४८ तासांचा आकडा नेमसर्व्हर, म्हणजे डोमेनचे रेकॉर्ड ठेवणारा सर्व्हरच, बदलणाऱ्यांसाठी: डॉट कॉमच्या रेजिस्ट्रीत त्या नोंदींचा टीटीएल १७२८०० सेकंद असतो, बरोबर दोन दिवस. मी नेमसर्व्हरला हातच लावला नव्हता. तेव्हा एका तासानंतरही जुनं पान दिसत असेल, तर दोष दुसरीकडे शोधायला हवा होता. पण प्रोपगेशन म्हटलं की काम न करता थांबता येतं, हा त्या शब्दाचा मोठाच फायदा.

खरं तर खूण दुसऱ्याच दिवशी मिळाली होती. एचटीटीपीएससाठी लेट्स एन्क्रिप्ट या मोफत सेवेचं प्रमाणपत्र घ्यायला सर्टबॉट हा प्रोग्राम चालवला, तर ४०४, म्हणजे 'पान सापडलं नाही'. पुन्हा चालवला, पुन्हा ४०४. तासात पाच वेळा नापास झालो की ते पुढचा प्रयत्नच घेत नाहीत, तेही करून झालं. (चाचणीसाठी त्यांचं वेगळं स्टेजिंग असतं. माहीत असूनही वापरलं नाही.) एन्जिनएक्सच्या लॉगमध्ये लेट्स एन्क्रिप्टनं पडताळणीसाठी केलेल्या विनंतीचा मागमूस नाही, म्हणजे ४०४ देणारा सर्व्हर माझा नव्हताच! एररमध्ये पत्ताही छापलेला होता, भरपूर कोलन असलेला लांबलचक. मी तो वाचलाच नाही. प्रमाणपत्र नंतर बघू म्हणून साइट साध्या एचटीटीपीवरच ठेवली.

चौथ्या दिवशी संध्याकाळी सेव-उसळीच्या लारीवर उभा होतो. मित्राला फोटो दाखवावेत म्हणून फोनवर साइट उघडली, आणि समोर आत्याची जाहिरात. घरी वायफाय, इथं मोबाइल डेटा. फरक तेवढाच. पाव गार होऊ दिला आणि तिथंच रेकॉर्ड तपासणारी एक साइट उघडली. ए रेकॉर्ड बरोबर. त्याखाली क्वाड-ए, म्हणजे चार ए वाला रेकॉर्ड, आणि त्यात तोच कोलनवाला पत्ता.

क्वाड-ए आयपीव्ही ६ साठी, म्हणजे इंटरनेटच्या नव्या पद्धतीच्या पत्त्यासाठी असतो. जुना, आयपीव्ही ४ चा पत्ता ३२ बिटांचा, हा १२८ बिटांचा, चौपट, म्हणून चार ए. डोमेन घेताना कंपनीनं पार्किंगच्या, म्हणजे त्या जाहिरातीच्या पानासाठी दोन्ही रेकॉर्ड घातले होते. मी एकच बदलला, दुसरा पॅनलच्या यादीत खाली पडून राहिला. घरच्या ब्रॉडबँडला आयपीव्ही ६ नाही, त्यामुळे घरात सगळं छान. आत्याच्या मोबाइलला आहे, आणि दोन्ही पत्ते असले की फोन सहसा सहाचाच धरतो. तिकडून उत्तर आलं नसतं तर ब्राउझर चारकडे वळला असता. पण पार्किंगवाला सर्व्हर इमानेइतबारे उत्तर देत होता. लेट्स एन्क्रिप्टही आधी सहावरच जातं, म्हणून ते ४०४.

घरी येऊन क्वाड-एमध्ये माझ्या सर्व्हरचा आयपीव्ही ६ पत्ता टाकला. एन्जिनएक्सची फाइल मी हातानं लिहिलेली, त्यात ८० नंबरचं पोर्ट फक्त चारसाठी उघडं होतं. सहासाठी लिसनची आणखी एक ओळ लागली. मग तासभर थांबलो, या वेळी घड्याळ लावून. सर्टबॉट पहिल्या फटक्यात पास. प्रमाणपत्र ९० दिवसांचं, नूतनीकरणाचा टायमर लावलाय आणि ड्राय रन, म्हणजे रंगीत तालीम, करून पाहिलाय.

आता देवनागरी डोमेनही घ्यायचा विचार आहे. डॉट भारत २०१४ पासून मिळतं, पण एन्जिनएक्सला ते नाव प्युनीकोडमध्येच, म्हणजे रोमन अक्षरांत बदलून, द्यावं लागतं, 'एक्सएन' आणि दोन डॅश लावून. आपल्याला वाचता येणारं नाव सर्व्हरला वाचता येत नाही, गंमतच.

रात्री आत्याचा पुन्हा फोन. साइट उघडली होती.

"सगळं छान दिसतंय. पण रावपुऱ्यातला तो फोटो उलटा लावलायस तू. दुकानाची गुजराती पाटी आरशात पाहिल्यासारखी दिसतेय."

निगेटिव्ह पालथी स्कॅन झालीय. अशा अजून किती असतील ते शोधतोय, आणि नुसत्या दारांच्या फोटोंवर पाट्याही नाहीत.